मोटारीवाचून माथेरान

आमच्या चिरंजीवांनी आम्हां उभयतांना स्कॉटलंड दाखवायचे मनावर घेतले, आणि त्याचा परिणाम म्हणून आम्ही माथेरानला जाऊन आलो. छपाईत दोन लेखांची सरमिसळ झाली असावी असे कोणास वाटेल, पण तसे काही झालेले नाही.

भाईंदरला नवघर रस्त्यावर आमचे बिऱ्हाड. १९८४ साली येथे राहायला आलो तेव्हा मागच्या खिडकीतून मिठागरे दिसत. आता समोरच्या घरातल्या मंडळींचा टी.व्ही. दिसतो. इमारत जुनी, लिफ्ट नाही, आम्ही दुसऱ्या मजल्यावर. जिन्याला पायऱ्या ३६. ही संख्या माझ्या पत्नीला तोंडपाठ आहे, कारण तिचे गुडघे त्या रोज मोजतात. मी ७६ वर्षांचा, ती ७१ ची. मोटार आमच्याकडे कधी नव्हती. मला चालवता येत होती ती फक्त स्कूटर, आणि मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेनंतर तीही एका शेजाऱ्याच्या मुलाला देऊन टाकली.

मुलगा इंग्लंडात लीड्सला असतो. त्याचा मूळ बेत असा, की आम्ही तिकडे यावे, त्याने मोटार भाड्याने घ्यावी आणि आठवडाभर आम्हांला स्कॉटलंडच्या डोंगरदऱ्यांतून फिरवावे. पुढे त्याची रजा आटली. मग एके रविवारी व्हिडिओ कॉलवर म्हणाला, “बाबा, तुम्ही दोघंच जा. तिकडे गाडी चालवायची गरजच नाही. आगगाडीनं सगळं होतं.”

मी म्हटले, “आम्ही दोघंच?”

“हो. त्यात काय?”

त्यात काय, हे त्याला फोनवर सांगण्यासारखे नव्हते. दोन वर्षांपूर्वी माझा पुतण्या आम्हांला आपल्या मोटारीतून महाबळेश्वरला घेऊन गेला होता. मुलगा प्रेमळ, पण फार हौशी. एका दिवसात नऊ पॉइंट! प्रत्येक ठिकाणी मोटार थांबली की तो म्हणे, “काकू, तुम्ही बसा गाडीतच, इथं चालायचं फार आहे. आम्ही पटकन बघून फोटो आणतो.” हिने महाबळेश्वर पाहिले ते काचेतून आणि पुतण्याच्या फोनवर. घरी परत आल्यावर बॅगा रिकाम्या करताना ती एवढेच म्हणाली, “या बॅगा आणि मी, एकाच डिकीतून जाऊन आलो.” मी हसलो. ती हसली नाही. त्यानंतर तिने प्रवासाचे नाव काढले नव्हते.

म्हणून मुलाचा बेत ऐकून ती गप्प राहील असे मला वाटले होते. पण तिने चष्मा लावला आणि वही मागितली.

चिरंजीवांनी आखलेला कार्यक्रम खरोखर शहाणपणाचा होता. लीड्सहून एडिंबरा आगगाडीने तीनएक तास. तेथे दोन रात्री. मग उत्तरेकडे इन्व्हर्नेसला जाणाऱ्या गाडीने, फोर्थच्या खाडीवरचा १८९० सालचा प्रचंड पोलादी पूल ओलांडून, पिट्लॉख्री नावाच्या छोट्या डोंगरी गावी जायचे आणि तेथे तीन रात्री एकाच ठिकाणी मुक्काम ठोकायचा. रोज नवे गाव नाही, रोज बॅगा भरणे नाही. पिट्लॉख्रीचे स्टेशन गावातच आहे. साठी उलटलेल्या माणसाला ब्रिटनमध्ये रेल्वेचे एक ज्येष्ठांचे कार्ड विकत मिळते, ते दाखवले की बहुतेक तिकिटांवर एक-तृतीयांश सूट. आणि ते घ्यायला त्या देशाचे रहिवासी असावे लागत नाही. स्टेशनावर चढ-उतार करायला मदतीचा माणूस हवा असेल तर आधी कळवून ठेवले की तो मिळतो, त्याचे पैसे पडत नाहीत. जायचे ते मे महिन्यात, कारण तेव्हा रात्री नऊ वाजून गेले तरी उजेड असतो, आणि ‘मिज’ नावाचे चिलटांसारखे चावरे किडे अजून फारसे उठलेले नसतात. स्कॉटलंडातही चिलटे असतात हे ऐकून, भाईंदरकर या नात्याने, मला थोडा धीर आला.

स्कॉटलंड तसे आपल्याला अगदीच परके नाही म्हणा. एल्फिन्स्टन स्कॉटिश, महाबळेश्वर वसवणारा माल्कम स्कॉटिश, विल्सन कॉलेजचे विल्सनसाहेबही स्कॉटिश. एल्फिन्स्टन रोड स्टेशनाचे २०१८ साली प्रभादेवी झाले, तरी आमच्या पिढीच्या तोंडून जुनेच नाव निसटते.

पिट्लॉख्रीत पाहण्यासारखे काय, असे हिने विचारले तेव्हा मुलाने एका धरणाची हकिकत सांगितली. तेथे टमेल नदीवर विजेसाठी धरण बांधले आहे. पण समुद्रातून परतणारे सामन मासे अंडी घालायला नदीच्या वरच्या अंगाला जातात. धरणाने त्यांची वाट अडली. म्हणून धरणाच्या कडेने माशांसाठी पाण्याचा जिना केला आहे, एकावर एक असे ३४ कप्पे. मासा एका कप्प्यातून दुसऱ्यात असा वर चढत जातो. आणि त्यांतले तीन कप्पे मुद्दाम मोठे ठेवले आहेत; दमलेल्या माशाने तेथे थांबून विसावा घ्यावा म्हणून.

ही जरा वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, “आपल्यापेक्षा दोन पायऱ्या कमीच. पण तीन ठिकाणी बसायला आहे.” आणि वहीत लिहिले: *बसायला कुठे?*

त्या रात्री जेवताना तिने आपला निर्णय सांगितला. स्कॉटलंडला जाऊ, पण आधी इथल्या इथे रंगीत तालीम करू. तीन रात्री, एकच मुक्काम, मुलाची मदत नाही, पुतण्या नाही, मोटार नाही. जमले तर पुढचा विचार.

कोठे जायचे यावर आठवडा गेला. एस.टी.ने महाबळेश्वरला जाणे पैशाच्या दृष्टीने झकास होते. पंचाहत्तरी उलटलेल्यांना ऑगस्ट २०२२ पासून एस.टी. फुकट आणि बायकांना मार्च २०२३ पासून निम्मे तिकीट. म्हणजे आम्हां दोघांचा मिळून खर्च अर्ध्या माणसाचा! पण महाबळेश्वर म्हणताच हिचा चेहरा उतरला. गणपतीपुळे लांब. मी वसईचे नाव सुचवले, कारण फेब्रुवारी २०२४ पासून भाईंदरच्या धक्क्यावरून वसईला रो-रो बोट सुरू झाली होती. तर एका संध्याकाळी आम्ही नुसतेच त्या बोटीने वसईला जाऊन आलो. मोटारी, मोटारसायकली आणि माणसे एकाच फळीवरून चढतात. चिमाजी आप्पांनी १७३९ साली जिंकलेला किल्ला पलीकडच्या तीरावर, उन्हे कललेली, खाडीवरून वारा. मजा आली, पण ती दोन तासांची. तीन रात्रींचा ऐवज तिच्यात नव्हता.

माथेरान सुचले ते हिलाच. “जिथं कुणाचीच मोटार जात नाही, तिथं आपली नाही म्हणून काय अडणार आहे?”

खरेच की! ठाण्याचा कलेक्टर ह्यू मॅलेट याने १८५० साली हे ठिकाण हेरले, तेव्हापासून त्या डोंगरावर लोक पायी, घोड्यावर आणि डोलीतून गेले. १९०७ साली आदमजी पीरभॉय यांचे चिरंजीव अब्दुल हुसेन यांनी दोन फूट रुंदीच्या रुळांची छोटी गाडी वर नेली. गावात मोटारीला बंदी आहे. अपवाद तीन: रुग्णवाहिका, अग्निशामक बंब आणि ई-रिक्षा. यांपैकी पहिला अपवाद आम्हांला दिलासा देणारा वाटला. तेव्हा तेथे कोट्यधीशाची मोटारही दस्तुरीच्या तळावर उभी राहते आणि धनी पायउतार होतो.

आता वहीची पाने भरू लागली. ज्यांच्या घरी वडीलधारी मंडळी आहेत त्यांना उपयोग होईल म्हणून त्यातले काही सांगतो.

भाईंदर ते नेरळ जायला वाटा दोन. एक, लोकलने दादर, तेथे पूल ओलांडून मध्य रेल्वे, आणि कर्जतची गाडी. दुसरी, बसने घोडबंदर रस्त्याने ठाणे आणि तेथून कर्जतची गाडी. पहिलीत जिने आणि गर्दी, दुसरीत रहदारी. घोडबंदर रस्त्यावर गायमुखच्या घाटात बस कधी थांबेल आणि कधी हलेल हे ड्रायव्हरही सांगू शकत नाही, आणि आम्हांला तर सकाळची छोटी गाडी गाठायची होती. म्हणून जाताना दादर, पण पहाटेची लोकल. त्या वेळी भाईंदरलाही बसायला जागा मिळते, यावर बाहेरगावच्या वाचकांचा विश्वास बसेल. भाईंदरच्यांचा बसणे कठीण.

खरी अडचण येण्याची नव्हती, परतण्याची होती. माथेरानहून दुपारी निघून माणूस संध्याकाळी दादरला पोचतो, आणि संध्याकाळी सात वाजता दादरला विरार गाडीत शिरणे हे आमच्या वयाच्या माणसाचे काम नव्हे. सगळ्या सहलीतला सर्वांत अवघड कडा कोणता म्हणाल, तर माथेरानचा नाही, दादरचा फलाट. यावर मी पुष्कळ डोके चालवले. शेवटी हिने सहज म्हटले, “शेवटची रात्र ठाण्याला माझ्या बहिणीकडे. सकाळी निवांत बसनं घरी.” झाले! एवढी सोपी गोष्ट मला चार दिवस सुचली नव्हती.

दिवस मंगळवार ते शुक्रवार निवडले, कारण शनिवार-रविवारी अर्धी मुंबई वर असते. महिना फेब्रुवारी, पावसाळ्यात नेरळहून वर जाणारी छोटी गाडी बंदच ठेवतात, जून ते ऑक्टोबर फक्त वरच्या अमन लॉज ते माथेरान या टप्प्यात ती धावते. सामान माणशी एकच पिशवी, आणि तीही ज्याची त्याने उचलायची. गोळ्या दोन ठिकाणी विभागून, म्हणजे एक पिशवी हरवली तरी रक्तदाब शाबूत.

मुक्कामाची खोली फोनवरून ठरवली. मी विचारले, “स्टेशनपासून किती लांब?” उत्तर आले, “अगदी जवळ, पाच मिनिटं.” मी खूश. येथे मी एक चूक केली, ती पुढे येईलच.

मंगळवारी पहाटे निघालो. मुलाचा आदल्या रात्री फोन, “बाबा, अजूनही सांगा, मी इथून गाडी बुक करतो, दारातून दस्तुरीपर्यंत.” हिने फोन माझ्या हातातून घेतला आणि “शुभ रात्री” म्हणून बंद केला.

नेरळला पोचलो आणि बेत तेथेच मोडला. छोट्या गाडीला डबे मोजके, तिकिटे खिडकीवर रांगेत. आमच्यापुढे शाळेची एक सहल. आमचा नंबर यायच्या आत तिकिटे संपली! मी तेथल्या बाकावर बसलो आणि मनात म्हटले, झाली तालीम. ही मात्र वही उघडून उभी. “नेरळला गाडी नाही मिळाली तर,” असे एक पान तिने आधीच लिहून ठेवले होते. सामायिक टॅक्सीने दस्तुरी, दस्तुरीहून पाच-दहा मिनिटे चालत अमन लॉज स्टेशन, तेथून छोट्या गाडीची फेरी. म्हणजे टॅक्सीत बसावेच लागले. पण तिला आम्ही मोटार म्हणून मोजले नाही, चार परक्या माणसांबरोबर बसतो ती एस.टी.च, असे हिचे म्हणणे.

दस्तुरीला उतरताच भोवती गराडा पडला. “आजोबा, गाडी आज बंद आहे. ई-रिक्षा पण बंद. आजींना चालणं होणार नाही, घोडा घ्या.” बोलणारा इतक्या आत्मविश्वासाने बोलत होता की मी खिशात हात घातला. हिने विचारले, “स्टेशन कुठल्या बाजूला?” तो म्हणाला, बंद आहे. ही म्हणाली, “बंद स्टेशन बघायला आवडेल मला,” आणि चालू लागली. स्टेशन उघडे होते, गाडीही उभी होती. मागाहून वाचले की या दस्तुरीवरच्या दिशाभुलीला कंटाळून मार्च २०२५ मध्ये माथेरानच्या गावकऱ्यांनीच गाव बंद ठेवले होते. म्हणजे गावाला त्याची लाज होती, हे नोंदवले पाहिजे. आपण गेलात तर कोणाचे ऐकण्यापूर्वी आधी स्टेशनच्या खिडकीपर्यंत जाऊन यावे.

अमन लॉज ते माथेरान अंतर अडीच-तीन किलोमीटर. पण तेवढ्यात काय काय दिसते! डबा इतका लहान की समोरच्याचे गुडघे आपल्या गुडघ्यांना लागतात. बाहेर तांबडी माती, जांभळीची दाट झाडी, मध्येच एक फट आणि तीतून एकदम खाली दरी. हिने खिडकीची जागा धरली होती. काच नव्हती. तिने हात बाहेर काढला, तर मी म्हणणार होतो, हात आत घे. नाही म्हटले.

आता माझी चूक. हॉटेल ‘पाच मिनिटांवर’ होते हे खरे, पण ती पाच मिनिटे पंचविशीतल्या माणसाची आणि सगळी चढाची! आम्हांला अर्धा तास लागला. हिने वहीत माझ्या प्रश्नावर काट मारून नवा प्रश्न लिहिला: *चढ आहे का? सत्तर वर्षांच्या बाईला किती वेळ लागतो?*

पहिला दिवस गेला तो बाजारात. चिक्की, मध, चामड्याच्या चपला, आणि पिशवीवर डोळा ठेवून बसलेली माकडे. संध्याकाळी या गावच्या भाई कोतवालांची गोष्ट मी हिला सांगितली. १९१२ साली येथे जन्मलेला हा वकील बेचाळीसच्या लढ्यात रानात गेला आणि २ जानेवारी १९४३ रोजी सिद्धगडावर पोलिसांच्या गोळीने पडला. ती म्हणाली, “तीस वर्षांचा म्हणजे मुलगाच की हो.” आणि मग बराच वेळ लीड्सच्या मुलाविषयी बोलत राहिली. बायकांच्या मनाचे रूळ कोठून कोठे जातात, सांगता येत नाही.

दुसऱ्या दिवशी शार्लोट तलाव. जाताना उतार, सावली, वाटेत तीन ठिकाणी बसलो. तलावाकाठी पिसारनाथाचे देऊळ आहे. तेथे ही पाऊण तास बसली. पाण्याकडे पाहत, काही न बोलता. महाबळेश्वरी नऊ पॉइंट झाले त्या वेळेत येथे एकच झाला, आणि तो तिने स्वतःच्या पायांनी गाठला होता. मला फार बरे वाटले.

परतताना चढावर तिचा उजवा गुडघा धरला. अगदी धरला; पाय उचलेना. मी झाडाखाली तिला बसवले. ई-रिक्षा त्या बाजूस एकही दिसली नाही. घोड्यावर ती बसणे शक्य नव्हते. तेवढ्यात एक हातरिक्षा आली. एक माणूस पुढे दांडी धरून ओढणारा, दुसरा मागून रेटणारा.

हातरिक्षा माथेरानला आहेत हे आम्हांला ठाऊक होते, आणि त्यांत बसायचे नाही असे वहीच्या पहिल्याच पानावर लिहिले होते. हिचे वडील गिरणीत होते. माणसाने माणसाला ओढायचे हे तिच्याने पाहवत नाही. पुढचा गडी पन्नाशी ओलांडलेला, पायांत साध्या चपला. म्हणाला, “बसा आजी.”

ही म्हणाली, “नको बाबा. तुम्ही ओढणार आणि मी बसणार, बरं दिसत नाही.”

तो हसला. “बरं दिसत नाही म्हणून सगळेच उठले, तर आमच्या घरी काय दिसंल?”

याला तिच्यापाशी उत्तर नव्हते. माझ्यापाशीही नव्हते. ती बसली. मी मागून चालू लागलो. चढावर त्याच्या पिंढरीची शीर ताणलेली दिसे, आणि पुढे उतार लागला तेव्हा तर तो टाचा रोवून, अंग मागे टाकून सगळा भार थोपवू लागला. उतार चढापेक्षा कठीण, हे मला तेव्हा कळले. वाटेत हिने विचारले, “गुडघे दुखतात का हो तुमचे?” तो म्हणाला, “दुखत्यात की. तुमचा कुठला?” “उजवा.” “माझा डावा.” मग सबंध रस्ताभर दोघे तेल कोणते लावायचे यावर बोलत राहिले.

हॉटेलाशी पैसे देताना मी जास्तीचे देऊ लागलो. त्याने ठरलेले मोजून घेतले आणि उरलेले परत केले. हिने पिशवीतली गुडघ्याच्या मलमाची नळी काढून त्याला दिली. ती मात्र त्याने घेतली.

त्या रात्री तिला झोप नव्हती. म्हणाली, “अहो, मोटारीत बसले तेव्हा मी सामान होते. आज मी त्याचं ओझं झाले. ओझं म्हणून पाहिलं तर आजचं जास्त.” मी म्हटले, त्याचे पोट त्यावर आहे. ती म्हणाली, “ते आहेच. म्हणून तर झोप येत नाही.”

तिसरा दिवस आम्ही फार थोडा चाललो. सकाळी हॉटेलच्या मागच्या झाडावर शेकरू दिसली, तिची तांबूस शेपटी पानांत उतरलेल्या उन्हासारखी. दुपारी मी एकटाच लुईझा पॉइंटपर्यंत जाऊन आलो. समोर प्रबळगड धुक्यात अर्धा बुडालेला. फोटो काढायला फोन वर केला आणि खाली घेतला. परत जाऊन तिला तोंडानेच सांगितले. सांगताना माझे दोन ठिकाणी चुकले असावे, कारण ती म्हणाली, “उद्या सकाळी लवकर निघून, हळूहळू, मी बघून येते. तुम्ही सांगता त्यावर भरवसा नाही.” आणि शुक्रवारी सकाळी, पाच ठिकाणी बसत, सव्वा तासात गेली. प्रबळगड पाहिला. परतताना मलम नव्हते, म्हणून जरा जास्त थांबलो.

उतरताना छोट्या गाडीची तिकिटे मिळाली, कारण या खेपेस आम्ही खिडकी उघडण्यापूर्वीच रांगेत होतो. वॉटर पाइप, जुम्मापट्टी अशी स्टेशने घेत, एकुलत्या एका बोगद्यातून, गाडी डोंगराला वेटोळे घालत उतरते. पुढचा डबा आपल्याला आडवा जाताना दिसतो. या मार्गाने काय काय सोसले आहे! २००५ च्या अतिवृष्टीत रूळ वाहून गेले, २०१६ साली डबे घसरले म्हणून बंद, २०१९ च्या पावसात पुन्हा बंद. ऑक्टोबर २०२२ मध्ये नेरळपासून परत सुरू झाला. मला वाटते, थांबत थांबत चालणाऱ्याचे दुःख या गाडीला समजत असावे. रात्री ठाण्याला मेहुणीकडे पिठले-भात, आणि शनिवारी सकाळी बस. गायमुखच्या घाटात ती पाऊण तास उभी राहिली. आम्हांला कोठेही जायचे नव्हते.

ऑगस्टमध्ये एके सकाळी हिने वर्तमानपत्र मोठ्याने वाचून दाखवले. सर्वोच्च न्यायालयाने, सरन्यायाधीश भूषण गवई यांच्या पीठाने, माथेरानच्या हातरिक्षा सहा महिन्यांत बंद कराव्यात असा आदेश दिला होता. स्वातंत्र्यानंतर ७८ वर्षांनीही माणसाने माणसाला ओढावे हे माणुसकीला धरून नाही, असे न्यायालयाने म्हटले होते. ओढणाऱ्यांना ई-रिक्षा मिळाव्यात, त्यासाठी गुजरातेत केवडियाला केली आहे तशी योजना करावी, आणि पैसे नाहीत ही सबब सरकारने सांगू नये, असेही होते. शेवटचे वाक्य तिने दोनदा वाचले.

“त्याला मिळेल का हो?” तिने विचारले. त्याचे नाव आम्ही विचारले नव्हते. ते आता तिला लागून राहिले आहे. पुढच्या हिवाळ्यात पुन्हा माथेरानला जायचे आणि शार्लोट तलावाच्या वाटेवर डाव्या गुडघ्याच्या माणसाची चौकशी करायची, असे वहीत लिहिलेले आहे.

स्कॉटलंडचे पान त्याच्या समोरचे. दिवाळीनंतर व्हिसाच्या कामाला लागायचे, प्रवासाच्या विम्यात गुडघे धरतात का ते विचारायचे. एडिंबऱ्याचे वेव्हर्ली स्टेशन खोलगट जागी असून शहर वर आहे, हे मुलाने सांगितले नव्हते. तिने नकाशावर शोधून काढले. आणि गेल्या रविवारी त्याला फोनवर विचारले, “पिट्लॉख्रीला स्टेशनपासून त्या माशांच्या जिन्यापर्यंत चढ आहे का? वाटेत बाकं किती?”

तो म्हणाला, “आई, बाकं कुणी मोजलेली नसतात.”

“मग तू एक रविवार जाऊन मोजून ये,” ती म्हणाली, “आणि जाताना मोटार नेऊ नकोस.”